मोटारीच्या टपावर होडी बांधताना

पावसाळा ओसरून नद्यांचे गढूळ पाणी निवळले की गोव्याच्या खाड्यांमध्ये कयाक आणि कॅनू दिसू लागतात. साळ नदीच्या मुखाशी, नेरुलच्या खारफुटीत, शापोऱ्याच्या पात्रात वल्हवणाऱ्यांमध्ये आता स्वतःची होडी बाळगणारेही आहेत. भाड्याची होडी काठावर तयार मिळते. स्वतःची मात्र घरापासून काठापर्यंत न्यावी लागते आणि बहुधा ती मोटारीच्या टपावरून जाते. पाण्यात उतरताना जीवरक्षक जाकीट घालण्याची सवय बऱ्याच जणांना लागली आहे. रस्त्यावरच्या प्रवासात मात्र घाईने मारलेल्या दोन गाठींवर भागवले जाते. टपावरून सुटलेली पंचवीस-तीस किलोंची होडी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाऊ शकते, आणि गोव्याच्या रस्त्यावर प्रत्येक मोटारीमागे एखादी दुचाकी असतेच. होडी घट्ट बांधायची ती प्रथम त्याच्यासाठी.

वारा काय करतो?

उभ्या मोटारीवर ठेवलेली होडी स्वतःच्या वजनाने स्थिर वाटते. मोटार धावू लागली की चित्र पालटते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला समोरून आडव्या येणाऱ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे साडेसात किलो वजनाइतका जोर पडतो. ताशी ८० ला तो ३० किलोंवर जातो. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, थोडी जरी वर उचललेली असली तरी वारा तिच्याखाली शिरतो आणि तिला आणखी उचलू पाहतो.

येथे तरफेचे गणित लागू होते. साडेचार मीटर लांबीची कॅनू लहान मोटारीच्या दोन आडव्या दांड्यांवर ठेवली आणि त्या दांड्यांमध्ये ८० सेंटिमीटर अंतर असले, तर होडीचा सुमारे १.८५ मीटर भाग पुढच्या दांडीच्या पुढे अधांतरी राहतो. नाळेवर वर उचलणारा केवळ १० किलोंचा जोर आला, तरी होडीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवून हिशेब केला असता पुढच्या पट्ट्यावर सुमारे ३३ किलोंचा ताण पडतो. हा ताण एकसारखा नसतो. समोरून ट्रक गेला की झटक्याने येतो आणि लगेच ओसरतो. अशा शेकडो झटक्यांनी सैल गाठ हळूहळू सुटत जाते.

मांडवीवरील अटल सेतू किंवा जुवारीवरील नवा पूल यांसारख्या उंच पुलांवर वारा बाजूने येतो आणि होडीला आडवी ढकलतो. अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या वळणांवर तिचे वजन बाहेरच्या बाजूला ओढ घेते. जोराचा ब्रेक दाबला की होडी पुढे सरकू पाहते. म्हणून बांधणी वर, पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना, अशा सर्व दिशांची हालचाल रोखणारी असावी लागते.

आधी मोटारीकडे पाहावे

प्रत्येक मोटारीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती वजन चालेल याचा आकडा दिलेला असतो. अनेक लहान मोटारींमध्ये ही मर्यादा ५० किलोंच्या आसपास असते आणि तीत कॅरिअरचे वजनही धरायचे असते. बसून वल्हवायची एक माणशी प्लास्टिकची कयाक साधारण २० ते ३० किलोंची असते. दोन कयाक आणि लोखंडी कॅरिअर मिळून मर्यादा सहज ओलांडली जाते.

दुसरी गोष्ट टपावरच्या लांबट कठड्यांची. आपल्याकडील अनेक मोटारींवर हे कठडे केवळ शोभेचे असतात. ते भार पेलण्यासाठी बसवलेले नसतात. पुस्तिकेत तसे नमूद असेल तर त्यांना पट्टा अडकवू नये. टपाला किंवा दरवाजाच्या चौकटीला पक्के धरणाऱ्या आडव्या दांड्यांचे कॅरिअर बसवून घ्यावे. दांड्यांमधील अंतर जितके अधिक ठेवता येईल तितके चांगले. होडी चढवण्यापूर्वी कॅरिअर हाताने जोरात हलवून पाहावे. होडी कॅरिअरला कितीही घट्ट बांधली, तरी कॅरिअरच निखळले तर दोन्ही एकत्रच जातात.

कोकणपट्टीतील लाकडी होडी, विशेषतः उलांडी असलेली, या चर्चेत येत नाही. तिचे वजन टपाला झेपणारे नसते. तिच्यासाठी टेम्पोच हवा.

दोरी की पट्टा?

सर्वांत सोयीचा असतो तो सुमारे एक इंच रुंदीचा पॉलिएस्टरचा विणलेला पट्टा, ज्याच्या धातूच्या दातेरी बकलातून टोक ओढून घट्ट करता येते. ट्रकवर माल आवळण्यासाठी वापरतात तो खटक्याखटक्याने ताणणारा रॅचेटचा पट्टा होडीसाठी टाळावा. त्याने किती ताण दिला हे हाताला कळत नाही आणि प्लास्टिकची किंवा फायबरची होडी चेपते अथवा तडकते.

दोरी वापरायची असल्यास पॉलिएस्टरची घ्यावी. नायलॉन मजबूत असले तरी भिजल्यावर ताणले जाते. पावसाच्या एका सरीनंतर बांधणी ढिली पडलेली दिसते. काथ्याची किंवा सुताची दोरी भिजली की फुगून आखडते आणि वाळली की सैल होते. दोन्ही टोकांना आकडे असलेल्या रबरी दोऱ्या स्कूटरवर पिशवी बांधण्यापुरत्या ठीक. होडीसाठी त्या मुळीच वापरू नयेत. ताणली जाणे हाच त्यांचा गुण आणि येथे तोच घातक.

चढवणे आणि बांधणे

होडीतील पाणी आधी पूर्ण काढून टाकावे. आत राहिलेले दहा लिटर पाणी म्हणजे टपावर दहा किलो अधिक, तेही वळणागणिक हेलकावणारे. वल्ही, आसने, जाकिटे होडीत न ठेवता मोटारीत ठेवावीत.

उचलायला दोघे असावेत. एकट्यालाच चढवायची वेळ आली, तर टपाच्या मागच्या कडेवर रबरी चटई किंवा जाड सतरंजी टाकून होडीचे एक टोक तिच्यावर टेकवावे आणि दुसरे टोक उचलून होडी पुढे सरकवावी. कॅनू पालथी ठेवावी, म्हणजे तिचे दोन्ही काठ दांड्यांवर सपाट बसतात आणि पावसाचे पाणी साचत नाही. कयाकही पालथी ठेवता येते किंवा तिच्यासाठी मिळणाऱ्या वक्र आधारांवर कुशीवर टेकवता येते. होडी मोटारीच्या मध्यरेषेत आणि दोन्ही दांड्यांवर समतोल असावी.

यानंतर प्रत्येक दांडीजवळ एक असे दोन पट्टे टाकावेत.

१. बकलाचे टोक हातात धरून पट्ट्याचे मोकळे टोक होडीवरून पलीकडे सोडावे. बकल फेकू नये, काच फुटते.

२. पलीकडे जाऊन ते टोक दांडीखालून घ्यावे आणि पुन्हा होडीवरून अलीकडे आणावे. पट्टा होडीच्या अगदी लगत दांडीखालून जावा. दूर गेला तर होडी बाजूला सरकायला जागा राहते.

३. अलीकडे ते टोक दांडीखालून घेऊन बकलात ओवावे आणि हाताच्या बळाने ओढावे. हाताच्या ओढीने येतो तेवढा ताण पुरेसा असतो.

४. होडीवरून जाणाऱ्या पट्ट्याला एक पीळ द्यावा. सपाट पट्टा वाऱ्याने थरथरतो व गुणगुणतो. पिळाने ते थांबते.

५. उरलेले टोक पट्ट्याभोवती गुंडाळून गाठ मारावी. फडफडणारे टोक चाकात जाण्याची भीती असते.

दोन टोकांच्या दोऱ्या

हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. आडवे दोन पट्टे होडीला खाली दाबून धरतात; पण नाळ उचलली जाणे आणि होडी पुढे-मागे सरकणे ते पुरेसे रोखू शकत नाहीत. त्यासाठी नाळेपासून मोटारीच्या पुढच्या भागाला आणि मागच्या टोकापासून मागच्या भागाला दोरी बांधावी. नाळेच्या कडीतून निघून डाव्या-उजव्या दोन बिंदूंकडे जाणारी दुपदरी दोरी उत्तम. ती होडीला बाजूलाही हलू देत नाही. पट्टा सुटला किंवा कॅरिअर निखळले, तरी होडीला मोटारीशी धरून ठेवणारा हा शेवटचा आधार असतो.

दोरी अडकवायला प्लास्टिकचा बंपर चालत नाही. मोटारीच्या अवजारांच्या पिशवीत बहुधा ओढून नेण्याचा आकडा मिळतो. तो बंपरमधील झाकण काढून आटे फिरवून बसवता येतो. बॉनेटखालच्या बोल्टला कापडी पट्टीचा फास बसवून घेणे हा दुसरा उपाय. दोरी मात्र गरजेपुरतीच लांब ठेवावी. पुढची दोरी सुटून चाकाखाली गेली, तर होडी झटक्याने पुढे ओढली जाते.

बाजारातील हमाल ट्रकवरचा माल आवळताना मारतात तीच गाठ येथे उपयोगी. दोरीच्या मध्यावर एक फासा करावा, टोक खालच्या आकड्यातून ओवून वर आणावे आणि फाशातून काढून खाली ओढावे. कप्पीसारखे काम होऊन थोड्या बळात पुरेसा ताण येतो. शेवटी दोन निरगाठी माराव्यात. या दोऱ्या सरळ ताठ राहतील इतक्याच ओढाव्यात. अधिक ओढल्यास प्लास्टिकची होडी वाकते.

कॅरिअर नसेल तर

फोमचे जाड ठोकळे टपावर ठेवून, पट्टे उघड्या दरवाजांतून मोटारीच्या आतून फिरवून होडी बांधता येते. पट्टे खिडकीतून घेतले तर दरवाजे उघडत नाहीत, म्हणून दरवाजांतूनच घ्यावेत. पावसात त्या पट्ट्यावरून पाणी आत झिरपते. हा उपाय जवळच्या अंतरासाठी आणि कमी वेगासाठीच आहे. दोन टोकांच्या दोऱ्या येथे अनिवार्य समजाव्यात.

लांबी आणि कायदा

तीन मीटरची कयाक चार मीटरच्या आतील मोटारीवर सामावते. सोळा फुटी कॅनू मात्र ४.८८ मीटरची; ती पुढे-मागे मिळून ८८ सेंटिमीटरहून अधिक बाहेर येणारच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगीच्या मर्यादेबाहेर लांबी, रुंदी किंवा उंचीत डोकावणाऱ्या मालासाठी २० हजार रुपये दंडाची तरतूद असून माल उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. लांब होडी दूर न्यायची असल्यास आधी वाहतूक कार्यालयात विचारून घेणे किंवा टेम्पो करणे शहाणपणाचे. बाहेर येणाऱ्या टोकाला दिवसा लाल फडके बांधावे. रात्रीचा प्रवास टाळावा.

निघण्यापूर्वी आणि वाटेत

बांधून झाल्यावर नाळ धरून होडी जोरात हलवावी. होडी आणि मोटार एकत्र हलली तर बांधणी पक्की. होडी एकटीच हलली तर पट्टे पुन्हा आवळावेत. पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर थांबून पुन्हा तपासावे, कारण सुरुवातीला पट्टे आणि गाठी बसून थोड्या सैल होतात. पुढे दर तासाला, घाट संपल्यावर आणि पावसाची सर येऊन गेल्यावर तपासणी करावी. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाणाऱ्यांनी ती बोटीची वाट पाहतानाच उरकावी. होडीसह मोटारीची उंची मोजून चालकासमोर लिहून ठेवावी. तळघरातील वाहनतळांची छते आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या ऐनवेळी आठवत नाहीत.

मुक्कामी पोहोचल्यावर होडी उतरवायला वेळ असेल तर पट्टे थोडे सैल करावेत. दुपारच्या उन्हात आवळलेली प्लास्टिकची होडी दांड्यांच्या जागी कायमची खोलगट होते. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर पट्टे आणि बकले गोड्या पाण्याने धुवावीत, कारण मिठाने बकलांचे दात गंजतात. उन्हाने फिकट व खरखरीत झालेला किंवा कडेने उसवलेला पट्टा टाकून द्यावा.

सरावलेल्या हातांना या साऱ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. परतीच्या वाटेवर अंग थकलेले, अंधार दाटत आलेला आणि होडी ओली असते. तेव्हाही प्रत्येक पट्टा आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या सकाळइतक्याच काळजीने बांधाव्यात.