उलटा रेशो

सीरममध्ये बाययुरेटचं निळं द्रावण मिसळलं की ते जांभळं होतं. प्रथिनं जितकी जास्त, तितका रंग गडद. १९९३ साली मी पुण्यातल्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून लागले. महिनोन्‌महिने जुलाब, जिभेवर पांढरा थर, अंगावर मांस म्हणून नाही, असे रुग्ण यायचे. त्यांच्या नळ्यांवर संसर्गाची लाल पेनाने खूण केलेली असायची. ती मला आजही खुपते. पण त्याच नळ्या सगळ्यांत गडद. डेसिलिटरमागे अल्ब्युमिन हे प्रथिन अडीच ग्रॅम, ग्लोब्युलिन सहा. ‘ए-जी रेशो उलटा,’ आम्ही म्हणायचो. त्या जास्तीच्या ग्लोब्युलिनमुळे स्लाइडवर तांबड्या पेशींच्या नाण्यांसारख्या चळती.

ग्लोब्युलिन म्हणजे बरीचशी प्रतिपिंडं. ज्याच्या रक्तात ती इतकी, त्याला साधा न्यूमोनिया का नेतो?

उत्तर दहा वर्षांपूर्वीच छापून आलं होतं. ५ जून १९८१ला लॉस एंजलिसच्या पाच तरुणांमधल्या विचित्र न्यूमोनियाची नोंद झाली; तीच एड्सची पहिली नोंद. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, सापडला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत बेथेस्डाला क्लिफर्ड लेन, अँथनी फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एड्सच्या रुग्णांच्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, तपासल्या. कुणी न चेतवताच त्या प्रतिपिंडं ओतत होत्या. नवा प्रतिजन, म्हणजे अनोळखी परका रेणू, समोर आला की मात्र गप्प. विषाणू मुख्यतः सीडी-४ टी पेशींत शिरतो; त्या मदतनीस गेल्या की बी पेशींना नेमकं काय घडवायचं ते शिकवणारं कुणी उरत नाही. वर विषाणू त्यांना सतत चेतवत राहतो. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी घटतात, थकलेल्या वाढतात. म्हणून लशीही नीट लागू पडत नाहीत.

सगळ्यांचं लक्ष सीडी-४च्या आकड्याकडे गेलं, आणि बी पेशी मागे पडल्या. मला हा अन्याय वाटतो. १९८६मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांनी देशातला पहिला एचआयव्ही संसर्ग शोधला, तो रक्तातल्या प्रतिपिंडांवरूनच. आमची एलायझा चाचणीही तीच शोधायची. विषाणूची साक्ष देत होत्या त्या बी पेशीच.

१ एप्रिल २००४पासून काही सरकारी रुग्णालयांत विषाणूला रोखणाऱ्या एआरटीच्या गोळ्या मोफत मिळू लागल्या. गोळ्या सुरू असलेल्यांची नळी आली की मी आधीची नोंद काढून शेजारी ठेवायचे. ग्लोब्युलिन सहावरून पाच, मग चार. उपचाराला उशिरा आलेल्यांच्या आठवणीच्या पेशी पूर्ण भरून येत नाहीत, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त रंग बघायचे. तो फिका पडत होता.