‘ऐकू येतं, पण कळत नाही’: आई-बाबांसाठी टीव्ही आणि साउंडबार घेताना नेमकं काय बघायचं?

रात्रीचे साडेआठ. मालिका सुरू झालीय. आजोबांनी आवाज चाळीसच्या पुढे नेलाय, आतल्या खोलीत अभ्यास करणारी नात वैतागलीय. कुणीतरी येऊन आवाज कमी करतं. दोन मिनिटांनी आजोबा विचारतात, “काय म्हणाली गं ती?” कुणी उत्तर देतं, कुणी “नंतर सांगते” म्हणतं. असं महिनाभर झालं की आजोबा विचारणंच सोडून देतात. टीव्हीसमोर बसतात, पण बघत नाहीत.

मग घरात ठरतं, आता मोठा टीव्ही घेऊया. दिवाळीची ऑफर आहेच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर चढतो, चित्र झकास दिसतं आणि तिसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा विचारतात, “काय म्हणाली गं ती?”

कारण अडचण चित्राची नव्हतीच, आवाजाची होती. तीसुद्धा आवाज लहान असण्याची नाही, तो स्पष्ट नसण्याची.

वय झाल्यावर कानाचं नेमकं काय होतं?

वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. आपल्या बोलण्यात स्वरांचा आवाज खालच्या पट्टीत असतो आणि त्यात जोर असतो. पण स, श, फ, ट, क यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी २,००० हर्ट्झच्या वरच्या भागात असते, आणि ती मुळातच हळू उच्चारली जातात. त्यामुळे ‘साठ’, ‘पाठ’, ‘काठ’ हे तिन्ही शब्द आजोबांना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होते, आणि तिच्यावरून घराघरांत भांडणं होतात. वय झालेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र तरुण कानाइतकाच, कधीकधी त्याहून जास्त टोचतो. म्हणून “मोठ्याने बोल” म्हणणारी आजी आपण मोठ्याने बोललो की “ओरडतोस कशाला” म्हणते. ती नाटक करत नाही. तिच्यासाठी ‘ऐकू न येणं’ आणि ‘त्रास होणं’ यांच्यातली जागाच अरुंद झालेली असते. टीव्हीचा नुसता आवाज वाढवला की संवाद कसाबसा ऐकू येतो आणि पुढच्या क्षणी मालिकेतलं ‘धूम-ताना’ कानात घुसतं.

आणि टीव्हीचं काय झालं?

जुन्या डबा टीव्हीला पुढच्या बाजूला स्पीकर असायचे. आवाज थेट समोर यायचा. आताचा टीव्ही इतका पातळ झालाय की स्पीकरला पुढे जागाच नाही. बहुतेक टीव्हीत ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर नाहीतर टेबलावर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो.

त्यात आपले हॉल. खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपी, भिंती मोकळ्या. आवाज घुमतो आणि ती नाजूक व्यंजनं आधी पुसली जातात. डोक्यावर पंखा पाचवर, स्वयंपाकघरात मिक्सर. तरुण कान यातूनही वाट काढतो, सत्तरीतला कान नाही काढू शकत. जाड पडदे, कापडी सोफा, भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट यानेही फरक पडतो. सतरंजी घालायची तर कडा उचललेली नको, पाय अडकून पडणं फार महागात जातं.

दुकानात सर्वात जास्त खपतो तोच साउंडबार इथे चुकीचा

साउंडबारवर २.०, २.१, ३.१, ५.१ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे साधारण किती दिशांना वेगळा आवाज जातो, आणि पॉइंटनंतरचा १ म्हणजे धमधम करणारा सबवूफर.

दुकानदार बहुधा २.१ दाखवतो. भला मोठा सबवूफर असतो, गाणं लावलं की छाती हलते आणि आपण खूश होतो. पण खालच्या पट्टीचा दणका वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो, हा कानाचा स्वभावच आहे. म्हणजे ज्या व्यंजनांसाठी आपण साउंडबार घ्यायला निघालो, तीच सबवूफरखाली दबतात. असा साउंडबार आधीच घेतलेला असेल तर फेकू नका. सबवूफरची पातळी अगदी कमी करा. काहीत तो वेगळा असतो, तो सरळ बंदच ठेवा.

ज्येष्ठांसाठी बघायचा तो आकडा ३.१. डावा, उजवा आणि मधला असे तीन भाग. सिनेमाच्या ध्वनीमिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या भागात असतात, त्यामुळे ते वेगळ्या स्पीकरमधून येतात आणि अनेक साउंडबारमध्ये तेवढाच भाग वाढवता येतो. आपल्या बहुतेक मालिका आणि बातम्या साध्या स्टिरिओतच येतात, तिथे साउंडबार स्वतःच बोलणं वेगळं काढायचा प्रयत्न करतो. त्यासाठी ‘व्हॉइस’, ‘डायलॉग’, ‘क्लिअर व्हॉइस’ अशा नावाचं बटण असतं. हे बटण रिमोटवर आहे का, हे घेण्याआधी बघा. मोबाइल ॲपमध्ये तीन पायऱ्या आत लपलेलं असेल तर आजीच्या दृष्टीने ते नाहीच.

दुसरं उपयोगी बटण ‘नाइट मोड’चं. नावावर जाऊ नका, ते दिवसाही चालतं. मोठे आवाज खाली आणायचे आणि हळू आवाज वर आणायचे, एवढंच ते करतं. वर सांगितलेल्या अरुंद जागेवर हाच इलाज आहे. जाहिरात लागली की एकदम वाढणारा आवाजही त्याने आवरतो.

५.१ चा पूर्ण होम थिएटर संच, मागे दोन स्पीकर, छतावरून उसळणारा ॲटमॉस वगैरे घ्यायचा असेल तर हौसेने घ्या, पण आजोबांच्या नावावर घेऊ नका. हॉलभर वायरी होतात, आणि आजोबांना मागून येणारा पाऊस नको असतो, समोरच्या बाईचं वाक्य हवं असतं.

जोडायची कशी? इथे बरेच जण फसतात

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात. त्यातल्या एकावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं. साउंडबार तिथेच जोडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. (प्रत्येक कंपनी त्याला वेगळंच नाव देते, ‘अमुक लिंक’, ‘तमुक सिंक’.) मग टीव्ही लावला की साउंडबार आपोआप चालू होतो आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकल वायरने आवाज तितकाच चांगला येतो, पण बहुतेक वेळा आवाजासाठी दुसरा रिमोट लागतो. सेट-टॉप बॉक्सचा तिसरा. तीन रिमोट म्हणजे दुपारी दोन वाजता ऑफिसात फोन येणारच, “अरे, आवाजच येत नाहीये.”

साउंडबार उंच असेल तर तो टीव्हीच्या खालच्या पट्टीतला रिमोटचा सेन्सर झाकतो, हेही मोजून घ्या.

कधीकधी साउंडबारपेक्षा हेडफोन बरा

स्पीकरपासूनचं अंतर निम्मं झालं की थेट कानावर येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि खोलीतला घुमारा तेवढाच राहतो. म्हणून खुर्ची टीव्हीच्या जवळ सरकवणं हा सर्वात स्वस्त उपाय आहे. हेडफोन म्हणजे हेच अंतर शून्यावर आणणं. घरात मुलं अभ्यास करतात, आजोबांना रात्री अकराला सामना बघायचा आहे, अशा घरात मी आधी हेडफोनच सुचवेन.

पण साधा मोबाइलचा ब्लूटूथ हेडफोन जोडून बघितलात तर बऱ्याचदा ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. ऐकू कमी येणारी माणसं नकळत ओठांवरूनही समजून घेत असतात, त्यामुळे ही गडबड त्यांना जास्त त्रास देते. टीव्हीसाठीचे वेगळे वायरलेस हेडफोन मिळतात. त्यांचा छोटा तळ टीव्हीला जोडायचा आणि हेडफोन त्यावर ठेवला की चार्ज होतो. त्यात ही अडचण सहसा येत नाही. घेताना एक विचारून घ्या: हेडफोन चालू असताना टीव्हीचा स्पीकर बंद पडतो का? पडत असेल तर आजोबा ऐकणार आणि आजी मूकपट बघणार.

श्रवणयंत्र वापरत असतील तर साउंडबार घेण्याआधी श्रवणतज्ज्ञांना भेटा. बऱ्याच श्रवणयंत्रांना टीव्हीचा आवाज थेट यंत्रात सोडणारी छोटी डबी मिळते. नव्या यंत्रांत आणि काही नव्या टीव्हीत ऑराकास्ट नावाची सोय येऊ लागलीय, तिने एका टीव्हीचा आवाज अनेक यंत्रांना एकाच वेळी मिळतो.

यंत्र नसेल आणि आवाज दरवर्षी वर चाललाय, तर आधी कानाची तपासणी करा. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितलेत, त्यात ऐकू कमी येणं हा एक आहे. आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर टीव्हीचा विषय सोडा, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा.

आता चित्राकडे

इथे कमी बोलून भागेल. आकारासाठी सोपा हिशेब: डोळ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि १.६ ने भागा. आठ फूट म्हणजे ९६ इंच, उत्तर ६०. म्हणजे आठ फुटांवर ५५ इंची मोठा वाटला तरी जास्त नाही. वय झालेल्या डोळ्यांना आकाराचा फायदा होतो, कारण बातम्यांची पट्टी आणि धावफलक वाचता येतो. ४३ इंचांच्या टीव्हीवर मात्र साडेपाच फुटांपलीकडे निरोगी डोळ्यालाही फुल एचडी आणि फोर-के यातला फरक जवळपास दिसत नाही. फोर-के आता सर्रास मिळतो, तो घ्या, पण एट-केच्या वाटेला जाऊ नका.

वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो असं मानलं जातं. म्हणून जाणकार मंडळी सुचवतात तो ‘सिनेमा’ मोड दिवसाढवळ्या आजोबांना अंधारा वाटतो. ‘स्टँडर्ड’ ठेवून बॅकलाइट वाढवा. मोतीबिंदू सुरू असेल तर चकाकी फार त्रास देते, टीव्हीसमोर खिडकी नको.

ओएलईडी टीव्ही सुंदर असतो, पण दिवसभर एकच वृत्तवाहिनी चालू असेल तर तिच्या चिन्हाचा आणि खालच्या पट्टीचा कायमचा डाग पडण्याची भीती असते. अशा घरात एलईडी किंवा क्यूएलईडीच बरा. आजीची खुर्ची बाजूला असेल तर दुकानात बाजूला उभं राहून बघा, काही पॅनेल तिरक्या कोनातून फिके पडतात.

टीव्ही फार वर टांगू नका. पडद्याचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या पातळीच्या आसपास हवा. आरामखुर्चीत मागे रेलून प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून बघितलं की नजर काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून जाते आणि टीव्ही धूसर दिसतो. कित्येकदा लोक यासाठी नंबर बदलून आणतात.

टीव्ही लावला की दुकान उघडतं

स्मार्ट टीव्ही चालू केला की समोर ॲप्सची जत्रा. आईला हवी असते तिची वाहिनी. बऱ्याच टीव्हीत ‘चालू केल्यावर शेवटचा इनपुट’ अशी सेटिंग असते, ती लावा, म्हणजे थेट सेट-टॉप बॉक्स दिसतो. गुगल टीव्ही असेल तर सुरुवातीच्या मांडणीत ‘बेसिक टीव्ही’ हा पर्याय मिळतो. रिमोटच्या पॉवर बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या, आमच्या घरी चार वर्षं टिकलाय.

ओटीटीवर भाषा निवडताना ‘हिंदी ५.१’ आणि नुसतं ‘हिंदी’ असे दोन पर्याय दिसले आणि साउंडबार नसेल, तर नुसतं ‘हिंदी’ लावून बघा. ५.१ चा आवाज दोन स्पीकरमध्ये कोंबताना संवाद बऱ्याचदा दबतात. मिळतील तिथे सबटायटल चालू करा आणि अक्षरं मोठी करा.

दुकानात करायची परीक्षा

दुकानातल्या टीव्हीवर फुलं, पोपट आणि धबधबे चालू असतात. त्यात कुणी बोलत नाही. आम्ही आईला घेऊन गेलो तेव्हा विक्रेत्याने मोठ्या आवाजात गाणं लावलं आणि आई म्हणाली, “छान आहे.” घरी आल्यावर बातम्याही कळेनात.

म्हणून ज्यांच्यासाठी घेताय त्यांना सोबत न्या. एखादी मालिका किंवा बातमी लावायला सांगा, आवाज मध्यम ठेवा, त्यांना आठ-दहा फुटांवर बसवून डोळे मिटायला सांगा आणि ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणायला लावा. डोळे मिटायचे ते ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. मग व्हॉइस बटण दाबून तेच पुन्हा. फरक पडत असेल तर तो तिथेच कळतो.

पन्नास हजार हातात असतील तर मी ५५ इंचांच्या मागे न लागता ४३ इंची बरा एलईडी घेईन, खुर्ची दोन फूट पुढे घेईन आणि उरलेले पैसे मधला स्पीकर असलेल्या साउंडबारला किंवा टीव्हीच्या हेडफोनला देईन. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि ती संपायच्या आत आजोबांना किमान चार संध्याकाळी बसवून बघा.