मास्तरांच्या पेटीतला कागद

आमचा धाराशिव जिल्हा भागधारकांचा आहे. दचकू नका! ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याचा भाग घरात नाही, असा उसाचा बागाईतदार एके काळी विरळाच. त्या भागाला रोखेबाजारात भाव नव्हता. पण कारखान्याच्या सभेत एका माणसाला एक मत होते, मग त्याचे भाग पाच असोत की पन्नास.

कंपनीच्या भागाचा न्याय निराळा. तो मला कळला आमच्या शाळेतल्या एका वृद्ध मास्तरांच्या लोखंडी पेटीमुळे. १९७३ च्या परकी चलन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांस येथील हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. उरलेले भाग सरकारने ठरविलेल्या स्वस्त दराने आपल्या लोकांस मिळाले, आणि मास्तरांसारखे पगारदार मालक झाले! लाभांश आला की ते पेढे आणीत.

१९९१ नंतर वारे फिरले. हिस्सा वाढविण्याची मुभा मिळताच परदेशी मालकांना या चिल्लर भागीदारांचे लोढणे नकोसे झाले. दर तिमाहीस हिशेब छापा, सभेत उत्तरे द्या, शिवाय नफ्यात वाटा द्या. त्यापेक्षा भाग विकत घेऊन कंपनी बाजारातून उठवावी हे बरे.

कॅडबरी इंडियाच्या मालकांनी २००२ साली भागास ५०० रुपये देऊ केले. बहुतेकांनी विकले, काही चिवट लोक बसून राहिले. २००९ साली भांडवल घटवून त्यांना १३४० रुपयांत निरोप देण्याचे ठरले. ते मुंबई उच्च न्यायालयात भांडले, आणि २०१४ साली किंमत ठरली २०१४ रुपये ५० पैसे. (साल आणि किंमत कशी जुळली पाहा!) पैसे वाढले, पण भाग मात्र राहिला नाही. पुण्याच्या सँडविक एशियाच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने २००९ साली हेच मानले, की रास्त किंमत देऊन थोडक्यांना बाहेर काढता येते.

सेबीच्या २००३ च्या नियमांनी भाव सांगण्याचा हक्क भागधारकांकडे आला खरा. २०२० साली वेदान्ताचा पायाभाव होता ८७ रुपये २५ पैसे. आयुर्विमा महामंडळाने ३२० मागितले, पुरेसे भाग जमले नाहीत, बेत बारगळला. पण महामंडळ ते महामंडळ!

मास्तरांच्या कंपनीचे इंग्रजी पत्र आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुलगा परगावी. मुदत टळली. लाभांश पुढेही येत राहिला. पण नातीच्या लग्नाला भाग विकायला काढले तेव्हा सोलापूरच्या दलालाने ते हातात घेतले, उलटून पाहिले आणि परत दिले.