रिमांड होममधून परत आलेलं लेकरू

रिमांड होम हा शब्द आपण गावात दबक्या आवाजात बोलतो. तिथून आलेलं लेकरू दिव्यांग असलं, तर त्याच्या आईला दुप्पट ऐकावं लागतं.

ही व्यवस्था आली कुठून? १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. गुन्हा केलेल्या पोरांना तुरुंगाऐवजी तिथं हातकाम शिकवायचे. १९२४ ला मुंबईचा बालक कायदा झाला, पण आपलं नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदा आपल्याकडं नव्हताच. १९४१ मध्ये मुंबईच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीनं मतिमंद मुलांसाठी वेगळं निवासी गृह काढलं. मतिमंद हा तेव्हाचा शब्द, आपण आता वापरत नाही.

एवढ्यानं भागणार कसं? पत्रकार शीला बर्से सुप्रीम कोर्टात गेल्या. देशभरच्या तुरुंगांत लेकरं होती. त्यातल्या काहींनी तर गुन्हाही केला नव्हता. दिव्यांग किंवा टाकून दिलेली, म्हणून 'सुरक्षित' राहावीत यासाठी कोंडलेली! मुलांना तुरुंगात ठेवू नका, असं कोर्टानं १९८६ साली बजावलं. त्याच वर्षी बाल न्याय कायदा आला.

आजचा कायदा २०१५ चा. त्यात प्रत्येक मुलाचा वेगळा काळजी आराखडा करायचा असतो. बहुतेक प्रकरणांत जुना ठपका पुढं शिक्षण-नोकरीच्या आड आणता येत नाही. मुलाचं नाव-गाव जाहीर करायलाही बंदी आहे. म्हणून आम्हीही सांगणार नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंचा मुलगा असाच परत आला. त्याला कमी ऐकू येतं, हे चौकशीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. उत्तर देत नाही म्हणून उर्मट ठरला. आम्ही तरी काय केलं? ताईंचा कर्जाचा अर्ज दोन बैठका मागं ठेवला. कुणी 'नको' म्हणालं नाही, नुसता विषयच काढला नाही.

मग एकीनं विचारलं, पोराचा कान तपासलाय का? दोघी जणी ताईंसोबत जिल्ह्याच्या दवाखान्यात गेल्या. तीन फेऱ्यांनी दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलं, की २०१६ च्या कायद्यानं अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण मोफत. पण याची शाळा तीन वर्षं सुटलेली, वय वाढलेलं. परत वर्गात बसायला तो तयार होईना. शेवटी सतरा नंबरचा फॉर्म भरला, आता बाहेरून दहावीला बसणार आहे.

ताईंचं कर्ज पुढच्या बैठकीत मंजूर झालं. दोन शेळ्या घेतल्यात.