आजीची अंजिरी

मामांचा फोटो स्टुडिओ रांजणगावात, नगर रस्त्यापासून जरा आत होता. महागणपतीच्या दर्शनाला आलेली नवी जोडपी, एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो आणि मे महिन्यातली लग्नं, यावर दुकान चालायचं. मामा गेल्यावर मामींनी गाळा भाड्यानं दिला. एकदा घरी गेलो तेव्हा त्यांनी सीडींनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "तू कॉम्प्युटरमधला ना, बघ काही निघतंय का."

२००६ सालचं मावशीचं लग्न निघालं. त्या लग्नाचा अल्बम पावसात भिजून पानं एकमेकांना चिकटली होती. त्यातला एकच फोटो घरात सगळ्यांना हवा होता: मांडवात बसलेली, अंजिरी नऊवारीतली, हसणारी आजी. कॅमेरा दिसला की ती तोंड मिटून घ्यायची, त्यामुळे तिचा हसरा फोटो दुसरा नाहीच. सीडीवर तो होता, पण जेपेग नव्हता. नुसती रॉ फाइल होती. फोनवर ती उघडेना.

रॉ फाइल म्हणजे अजून फोटो नव्हे. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचं अमेरिकन पेटंट जुलै १९७६ मधलं. माणसाच्या डोळ्याला बारकावे हिरव्यात जास्त कळतात म्हणून त्यांनी निम्मे ठिपके हिरव्याला दिले आणि उरलेले लाल-निळ्यात वाटले. मामांचा कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा. म्हणजे हिरव्याचे सुमारे ३० लाख ठिपके, लाल आणि निळ्याचे १५-१५ लाख. आजीच्या पदरावरच्या एखाद्या ठिपक्याला फक्त लाल किती हे माहीत असतं. तिथलं हिरवं आणि निळं शेजारच्या ठिपक्यांकडे बघून सॉफ्टवेअर ठरवतं. स्क्रीनवर दिसणाऱ्या फोटोतले दोन तृतीयांश आकडे असे अंदाजाचे असतात. मी रोज कोड लिहितो, तरी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा हबकलोच.

खरं तर रंग सुटे करायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे, हे काम आपल्याच पुणे जिल्ह्यात शंभरहून जास्त वर्षांपूर्वी चालायचं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथे एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड तयार व्हायचा. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमात येण्याआधी या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम केलं होतं. लक्ष्मीच्या साडीतली लाल छटा कुठल्या दगडावर किती गडद धरायची हे कारागिराच्या नजरेवर ठरायचं, आणि लोकांनी घरात टांगली ती त्या नजरेची लक्ष्मी. रॉ कन्व्हर्टर हा तोच कारागीर आहे, फक्त त्याची मतं कोडमध्ये लिहिलेली असतात.

पण कारागिराला आधी फाइल वाचता तर आली पाहिजे. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या सीडीवरचं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालेना. इथे डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रॅमरचे उपकार. कुठल्याही कॅमेऱ्याची रॉ फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडली पाहिजे, एवढा एकच हट्ट धरून त्यानं फेब्रुवारी १९९७ मध्ये डीसीरॉ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. सी भाषेतली एकच लांबलचक फाइल. (आमच्या ऑफिसात असा कोड रिव्ह्यूला पाठवला तर टीम लीड परत पाठवेल.) कॅमेरा कंपन्या फाइलची रचना सांगत नसत, म्हणून तो एकेका कॅमेऱ्याच्या फाइली उकलून रचना शोधायचा. २००५ साली निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्यानं व्हाइट बॅलन्सची माहिती सांकेतिक करून साठवल्याचं लक्षात आलं आणि फोटोग्राफरांत मोठा वाद पेटला: फोटो माझा, तर त्यातली माहिती कुलुपात का? कॉफिननं ते कुलूपही उघडलं. डीसीरॉची शेवटची आवृत्ती २०१८ मधली. तोवर त्याचा कोड कितीतरी प्रोग्रॅममध्ये मुरला होता, आणि २००८ पासून लिबरॉ ही लायब्ररी त्याच पायावर उभी आहे.

मामांची फाइल डीसीरॉनं तीन सेकंदांत उघडली. आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

मांडवाचं कापड लाल-पिवळं होतं. त्यातून गाळून आलेल्या उजेडात सगळेच हळद लावल्यासारखे दिसत होते. त्यात कापडाच्या फटीतून उन्हाची एक तिरीप थेट आजीच्या गालावर पडलेली. त्या जागी सेन्सरचे हिरवे ठिपके भरून वाहिले होते, लाल आणि निळ्यांत मात्र अजून थोडी माहिती शिल्लक होती. अशा जागेचं काय करायचं, यावरच कन्व्हर्टरांची पारख होते. डीसीरॉमध्ये त्यासाठी 'एच' नावाचा पर्याय आहे, ० ते ९. शून्यावर गाल चुन्यासारखा पांढरा झाला. एकवर गालावर गुलाबी डाग उमटला, कारण हिरवं अडलं आणि लाल-निळं पुढे गेलं. दोनवर डाग राखाडी झाला. पाचवर कातडीचा रंग परत आला, पण सुरकुत्या पुसल्या गेल्या. आजी दहा वर्षांनी तरुण. मला ते बघवेना.

मग रॉथेरपी. गाबोर होर्वाथ या हंगेरियन प्रोग्रॅमरचं हे सॉफ्टवेअर २०१० पासून मुक्त स्रोत आहे. त्यात आसपासचा रंग जळलेल्या जागेत पसरवायची एक पद्धत आहे. ती हळू चालते, पण गाल गालासारखा दिसला आणि डोळ्याखालच्या रेघाही राहिल्या. रंग जुळवायच्या पद्धतीही तिथे डझनभर. अमेझ नावाच्या पद्धतीनं नऊवारीच्या काठाची बारीक वीण सगळ्यात स्वच्छ काढली. २००९ पासूनचं डार्कटेबल पहिल्यांदा उघडलं तेव्हा फोटो मलूल दिसला. दोन रविवार शिकण्यात घालवल्यावर निकाल उत्तम आला, पण नवख्या माणसाला मी ते आधी सुचवणार नाही. लाइटरूममध्ये सगळ्यात कमी मेहनतीत चांगला फोटो मिळाला. पण एक गंमत तिथेच सापडली. त्यात २००३, २०१० आणि २०१२ सालच्या प्रक्रिया अजून जपून ठेवल्या आहेत आणि हवी ती निवडता येते. तीच फाइल, तेच सॉफ्टवेअर, साल बदललं की आजीचा गाल वेगळा.

इंटरनेटवरच्या तुलनांमध्ये रंगांच्या चौकटींचा तक्ता किंवा निसर्गदृश्य घेऊन गुण दिलेले असतात. त्या वाचून माझं काही अडलेलं सुटलं नाही. मला ठरवायचं होतं अंजिरी म्हणजे नेमकं काय. चार सॉफ्टवेअरनी चार साड्या दाखवल्या: एक जांभळी, एक वांगी, एक जवळजवळ मरून, आणि एक विटकरीकडे झुकलेली. आई म्हणाली जांभळी. मामी म्हणाल्या, "छे, जांभळी कुठली, आक्कांना जांभळा आवडायचाच नाही."

नऊवारी मिळाली तर प्रश्न मिटला असता. पण आजी गेल्यावर तिची गोधडी झाली होती आणि ती मावशीकडे दौंडला होती. गेलो. धुऊन-धुऊन गोधडी फिकट मातकट झालेली, तिच्यावरून काहीच कळेना. मावशी तिच्याकडे बराच वेळ बघत बसली. मग सुई आणून तिनं कोपऱ्याचे टाके उसवले आणि आत दुमडलेली पट्टी बाहेर काढली. त्या पट्टीला अठरा वर्षांत ऊन लागलंच नव्हतं.

चारही सॉफ्टवेअरपेक्षा रंग वेगळा होता. वांगीपेक्षा लालसर, मरूनपेक्षा थोडा निळसर. मी लॅपटॉप खिडकीजवळ नेला, पट्टी स्क्रीनशेजारी धरली आणि रॉथेरपीत व्हाइट बॅलन्स एकेक टिचकीनं सरकवत गेलो. मांडवाचा पिवळेपणा उतरला तशी मागे बसलेल्या मंडळींची हळद गेली. "थांब," मावशी म्हणाली. मी थांबलो. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाली, "एक मागे घे."

मी एक मागे घेतलं. मावशी कोपरा परत शिवायला बसली.