पाहणे आणि चालणे : पडद्यावरच्या ‘मी’चा इतिहास

प्रथमपुरुषी निवेदन वाचणे हीसुद्धा शिकावी लागणारी गोष्ट आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूच्या नजरेने आपण सहज पाहू लागतो. त्या सहजतेमागे वाचनाची दीर्घ सवय असते. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या व्हिडिओ गेमच्या प्रकारात अशीच सवय हातांना लावावी लागते. नायक पडद्यावर दिसत नाही. दिसतात ते हात, बंदूक आणि समोरचे जग. नवखा खेळाडू आत शिरला की पहिली काही मिनिटे भिंतीला नाक लावून किंवा छताकडे पाहत काढतो. जाणकार हसतात. हा प्रकार स्वतः किती अडखळत चालायला शिकला, हे ते विसरलेले असतात.

१९९२च्या ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’त वर पाहण्याची सोयच नव्हती, आणि पाहण्यासारखे वर काही नव्हतेही. १९९३च्या ‘डूम’मध्ये जिने आणि चौथरे आले, तरी नजर आडवीच राहिली. शत्रू उंचावर उभा असला तर त्याच्या दिशेने तोंड करून चाप ओढावा, गोळी आपोआप वर जाई! बाजूला सरकता येई, पण एरवी जिकडे तोंड तिकडे वाट. शिकाऊ खेळाडूला बाणांच्या कळा बहुतेक पुरत.

पाहणे आणि चालणे यांची खरी फारकत माउसने केली. ‘मॅरॅथॉन’मध्ये (१९९४) माउसने मान वर-खाली करता येई. १९९६च्या ‘क्वेक’मध्येही ती सोय होती, मात्र ती कायम चालू ठेवायची तर खेळाडूला आज्ञा टाइप करावी लागे. १९९७ साली डेनिस फाँग या तरुणाने ‘क्वेक’ची स्पर्धा जिंकून ‘डूम’च्या एका निर्मात्याची, जॉन कारमॅकची, लाल फेरारी मिळवली. मग त्याची कळांची मांडणी इतरांनी उचलली : डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर चालण्यासाठी, उजवा माउसवर पाहण्यासाठी. ती त्याने एकट्याने शोधली असे आम्ही म्हणणार नाही. प्रतिष्ठा मात्र त्याच्यामुळे मिळाली. ‘हाफ-लाइफ’ने (१९९८) याच कळा मुळातच नेमून दिल्या, शिवाय मुख्य कथेबाहेर सरावाचा वेगळा वर्गही ठेवला. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलेल्या पिढीला ही मांडणी तयारच मिळाली.

माउस नसलेल्या खेळयंत्रांवर हा तंटा पुन्हा उभा राहिला. प्लेस्टेशनवरच्या ‘एलियन रेझरेक्शन’मध्ये (२०००) डाव्या दांडीने चालायचे, उजवीने पाहायचे होते. एका समीक्षकाने या रचनेवर कडाडून टीका केली. पुढे तीच सर्वमान्य झाली. समीक्षकावर हसणे सोपे आहे, पण त्या दिवशी तोही नवखाच होता.

‘मॅरॅथॉन’च्याच निर्मात्यांनी २००१ साली ‘हेलो’त या नवखेपणाला कथेत जागा दिली. दीर्घ शीतनिद्रेतून उठलेल्या सैनिकाला तंत्रज्ञ दिव्यांकडे पाहायला सांगतो. मग वर-खालीची दिशा उलटी करून दाखवतो आणि विचारतो, यांतली कोणती सोयीची वाटते?