मारुतीचे देऊळ, तालीम आणि रोजची मेहनत

गाव तेथे मारुती ही आपल्या महाराष्ट्राची जुनी रीत आहे आणि मारुती तेथे तालीम ही तिच्याच जोडीची दुसरी रीत. वेशीजवळ देऊळ, देवळाच्या अंगाला लागून एक बसके कौलारू घर, आत तांबड्या मातीचा हौद, भिंतीला टेकून ठेवलेल्या मुद्गलांच्या जोड्या, कोनाड्यात शेंदराने माखलेला दुसरा छोटा मारुती आणि त्याच्यापुढे मिणमिणती पणती. पन्नाशीच्या पुढच्या ग्रामस्थांपैकी बहुतेकांनी हे चित्र डोळ्यांनी पाहिलेले आहे. आज श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात असताना देवाचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे व पुढेही सांगतील. परंतु देवळाच्या भिंतीला भिंत लावून उभ्या राहिलेल्या या तालमीचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. म्हणून या ठिकाणी तो थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे. त्यातील मुख्य प्रश्न असा की, अंगात आळस प्रत्येकाच्या असतो. मग पहाटेच्या थंडीत रोज उठून अंग मोडेपर्यंत मेहनत करण्याची उमेद जुन्या माणसांना येत होती कोठून आणि ती वर्षानुवर्षे टिकत होती कशी?

प्रारंभ समर्थांपासून करणे उचित होय. समर्थ रामदासस्वामींनी कृष्णा, कोयना व वारणेच्या खोऱ्यात अकरा मारुती स्थापन केले. शहापूर, मसूर, चाफळ येथील दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, बहे-बोरगाव, मनपाडळे, पारगाव आणि शिराळा ही ती स्थाने. पैकी शहापूरचा मारुती सर्वांत आधीचा, म्हणजे इ. स. १६४५ चा मानला जातो. समर्थांनी नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तप केले व त्या काळात रोज सूर्याला नमस्कार घातले, असे परंपरा सांगते. बलाची देवता गावाच्या मध्यभागी आणून बसविली म्हणजे तिच्यापुढे लंगोट कसण्यास पोराला लाज वाटत नाही. पुढे पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी ते व्यायामाचे गुरू होते. या विद्येचा साक्षात्कार मारुतीच्याच कृपेने झाला अशी त्यांच्याविषयीची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी-खोटी करण्याचे येथे कारण नाही. मेहनतीला देवाचे नाव जोडले की ती मध्येच सोडणे माणसाला जड जाते, एवढे मात्र त्यावरून कळते.

तालमीची रीत आता नव्या पिढीला सांगावी लागेल. मेहनतीचा पहिला भाग कुस्ती नसून फावडे हा होता. पोरांनी प्रथम हौदातील माती उकरावयाची, ढेकळे फोडावयाची, मग सारखी करावयाची. या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असे पदार्थ मुरविलेले असत. माती उकरून होईपर्यंत निम्मा घाम निघे. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल आणि शेवटी जोड धरून लढत. लहानांनी थोरांच्या आधी यावयाचे व थोरांच्या अंगाला माती लावून द्यावयाची. वस्तादापुढे कोणी मोठ्याने बोलत नसे. एखादा पठ्ठ्या दोन दिवस दिसला नाही तर वस्ताद त्याच्या घरी जात, आणि ते बोलण्यासाठी जात नसत. कित्येक घरांतून आईच पोराला अंथरुणातून ओढून उभे करी, कारण वस्ताद दारात आलेले बरे दिसत नाही.

बारकाईने पाहिले तर या सर्व व्यवस्थेत पोराच्या मनाला ‘आज जावे का न जावे’ असे विचारावयास कोणी जागाच ठेवली नव्हती. वेळ ठरलेली, जोड ठरलेली, संख्या ठरलेली. आपण गेलो नाही तर आपल्या जोडीदाराची मेहनत बुडते ही टोचणी वेगळीच. वर्षातून एकदा जत्रा होई. तिच्यात लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून प्रारंभ होऊन शेवटची कुस्ती दिवस मावळताना लागे. सात वर्षांच्या पोराला मिळालेल्या मूठभर रेवड्या त्याला पुढचे अख्खे वर्ष पहाटे उठवीत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता ज्यांना वस्ताद नाही, जोड नाही आणि जत्रेत उतरावयाचेही नाही, त्यांचे काय? याचे उत्तर आपल्या सातारा जिल्ह्याच्या इतिहासातच आहे आणि ते औंध संस्थानात सापडते. औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. चित्रकार, कीर्तनकार, कलासंग्राहक अशी त्यांची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय, जे १९३८ साली उभे राहिले, ते पाहण्यास आजही लांबून लोक येतात. परंतु बाळासाहेबांचे मोठे वेड व्यायामाचे. त्या काळी युजेन सॅण्डो या युरोपीय मल्लाचे नाव जगभर गाजत होते. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. बाळासाहेबांनी त्याच्या आधीच, १८९७ च्या सुमारास, सॅण्डोची पुस्तके व साधने मागवून त्याच्या पद्धतीचा व्यायाम सुरू केला होता आणि तो सुमारे दहा वर्षे नेटाने चालविला. राजाला साधनांची वाण नव्हती.

असे असूनही १९०८ च्या सुमारास त्यांनी ती पद्धत सोडली आणि मिरजेच्या पटवर्धन अधिपतींच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. नमस्काराला अंगाएवढी जागा पुरते. साधन लागत नाही, जोडीदार लागत नाही, प्रवासातही खंड पडत नाही. शिवाय तो नित्याच्या उपासनेत मिसळून जातो. बारा नावे, मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषन, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क, भास्कर, अशी घेत गेले की संख्या आपोआप मोजली जाते व मध्येच थांबणे हे पूजा अर्धी टाकण्यासारखे वाटते. हे मर्म बाळासाहेबांना पक्के उमगले असावे. त्यांनी नमस्कारातील एकेक अवस्था नीट आखून दिली, बीजमंत्राच्या उच्चाराने श्वासावर काय परिणाम होतो ते सांगितले, पुस्तके लिहिली. नमस्कार हे आपण शोधून काढले असा दावा त्यांनी कधी केला नाही. परंतु आज शाळाशाळांतून ज्या क्रमाने नमस्कार घातले जातात, तो लोकांपर्यंत पोहोचविण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे.

१९०९ साली गादीवर आल्यानंतर त्यांनी संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. औंध संस्थान केवढे, तर अवघ्या ७२ गावांचे, आणि तीही एकमेकांपासून दूर विखुरलेली. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. परंतु येथील मुलगे व मुली दोघेही नमस्कार घालीत. राजवाड्यातील स्त्रियाही त्यातून सुटल्या नव्हत्या. पडदा व सोवळे यांच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ साली औंधास आले व त्यांनी आपल्या स्वाध्याय मंडळातून वेदांबरोबर आसने व नमस्कार यांचाही प्रचार केला. पंडितजींनी शंभरी ओलांडली. १९६८ साली त्यांचे निधन झाले. बाळासाहेब १९३६ साली विलायतेस गेले, तेव्हा वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांची प्रकृती पाहून तेथील पत्रकार चकित झाले. लुईस मॉर्गन या पत्रकार महिलेने संपादित केलेले त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला प्रसिद्ध झाले. आपल्या माणदेशाच्या कडेची गोष्ट साहेबाच्या देशातील घराघरांत अशी जाऊन पोहोचली.

राजाने नमस्कार सक्तीचे केले, मग ते टिकले का, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हुकूम संपला. हुकमाने घातलेले नमस्कार हुकमाबरोबर जातात, हे पुष्कळांच्या बाबतीत घडले. परंतु ज्याला लहानपणी अंगवळणी पडले, त्याने ते हुकमाविनाही चालू ठेवले, अशीही माणसे त्या भागात होती. स्वतः बाळासाहेब राज्य गेल्यावरही तेच बाळासाहेब राहिले. १९५१ साली, ब्याऐंशी वर्षांचे असताना, ते निवर्तले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत हे परराष्ट्रखात्यात मोठ्या हुद्द्यांवर होते. देशोदेशी राहूनही १९७० साली त्यांनी सूर्यनमस्कारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. बापाच्या शिस्तीखाली वाढलेला मुलगा पुढे आपणहून त्या विषयावर लिहितो, ही गोष्ट सक्तीवर हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

कोल्हापूरची तऱ्हा निराळी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायत प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि तशा धर्तीवर खासबागेचे मैदान बांधविले. ते १९१२ साली पुरे झाले. मल्लांना खुराक, राहण्यास तालीम, विजयी मल्लाला मान. तेथे उमेद बाहेरून येई, आणि ती येई म्हणून पुष्कळ येई. तिचा दोष असा की आश्रय आटला की तालीमही आटते. संस्थाने गेल्यानंतर किती तालमी ओस पडल्या ते जुने लोक जाणतात. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाल्या व पुन्हा थोडे चैतन्य आले. विदर्भात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे आणि त्याचे पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आले. त्याही संस्थेचे दैवत मारुतीच.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे कै. खाशाबा जाधव यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. त्यांचा जन्म १९२६ चा, वडील दादासाहेब स्वतः मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. मातीवर वाढलेल्या माणसाला तेथे गादीवर लढावे लागले. दुसरा कोणी सहाव्या क्रमांकावर समाधान मानून गावी बसला असता. खाशाबांनी पुन्हा चार वर्षे मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे बॅंटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्याच्या खर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून पैसे उभे केले. देणग्या देऊन हे मंदिर उभे करणाऱ्यांना या गोष्टीचे मोल अधिक सांगावयास नको. पुढे ते पोलिसखात्यात होते. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तोही कित्येक वर्षांनी. मधल्या त्या चार वर्षांत, १९४८ ते १९५२, कोणी टाळ्या वाजवीत नव्हते. मेहनतीचा इतिहास लिहावयाचा तर त्याच चार वर्षांचा लिहिला पाहिजे, पण त्या पहाटांची नोंद कोण ठेवणार?

आपल्याकडील तालमी का मंदावल्या याची कारणे गुंतागुंतीची आहेत. एक कारण पोटाचे. तरणी पोरे मुंबईस गिरणीत गेली. तेथेही त्यांनी गाववाल्यांच्या खोल्यांत दाटीवाटीने राहून पाळी संपल्यावर गिरणगावातील व्यायामशाळांतून जोर काढले. मुंबईकर देणगीदारांपैकी ज्यांचे वडील गिरणीत होते, त्यांनी हे घरी ऐकलेले असेल. जानेवारी १९८२ च्या संपानंतर ते जगही मोडले. गावाकडे शेतीची मोट गेली, पंप आला. जाते गेले, गिरणी आली. पायवाट गेली, मोटारसायकल आली. पूर्वी अंगमेहनत ही करावीच लागे, तालीम ही तिच्यावरची चढती पायरी होती. आता मेहनत मुद्दाम करावी लागते, आणि मुद्दाम करावयाची गोष्ट उद्यावर ढकलता येते. तालुक्याच्या गावी यंत्रे बसविलेल्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. तेथे जानेवारीत गर्दी असते, होळीपर्यंत ती ओसरते. यंत्र चुकलेल्या माणसाच्या घरी बोलावण्यास जात नाही.

या जीर्णोद्धाराच्या वेळीही तालमीचा प्रश्न निघालाच. सभामंडप वाढवावयाचा तर तालमीची जागा घ्यावी, तेथे लग्नकार्यास उपयोगी अशी मोठी फरशी होईल, भाडेही येईल, असे एक मत होते, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. दुसरे मत असे की, मारुतीला शेंदूर लावावयाचा आणि त्याची तालीम पाडावयाची हे शोभत नाही. त्यावर पहिल्या पक्षाचे म्हणणे, शोभत नाही खरे, पण आज येथे येतो कोण? या प्रश्नाने बैठकीत बराच वेळ शांतता पसरली, कारण गेली काही वर्षे हौदावर पत्रे टाकून मंडपाचे सामान ठेवलेले होते. अखेरीस सभामंडप दोन खण कमी करून तालीम राखण्याचे ठरले, पण एका अटीवर. तालीम पुन्हा चालू करण्याचे पत्करणारे पाच जण आधी पुढे यावेत. बैठकीत तीन जण उभे राहिले. उरलेले दोघे आठ दिवसांनी आले.

त्या पाचांपैकी एकालाही मैदानी कुस्ती खेळावयाची नाही. दोघांना डॉक्टरांनी साखरेचे दुखणे सांगितले आहे, एकाला पोलीस भरती द्यावयाची आहे, एक निवृत्त आहेत व एकजण सोबतीसाठी येतो. सकाळी प्रथम बारा नमस्कार, मग ज्याला जे झेपेल ते, अशी रीत त्यांनी आपसांत ठरविली आहे. जो येणार नाही त्याच्या घरी इतर चौघांनी जावयाचे. मुलींना संध्याकाळची वेळ देण्याविषयीही विचार चालू आहे. २०२३ साली सांगलीत महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हापासून हा आग्रह गावातील दोन-तीन घरांतूनच होत आहे.

हौदातील जुनी माती काढून चाळून घेतली आहे. नवी तांबडी माती दोन ट्रॉली आली असून तेल, हळद व कापूर यांचा खर्च एका मुंबईकर देणगीदारांनी नाव न छापण्याच्या अटीवर दिला आहे. तालमीची एक किल्ली पुजाऱ्यांकडे राहील आणि पहाटेच्या पूजेला देवळाचे दार उघडताना ते तालमीचेही दार उघडतील.